गॅस न पेटवता केलेलं गोड

गोडाची पारख करण्याचा माझा निकष वर्षानुवर्षं एकच होता: करणारी आचेपुढे किती वेळ उभी राहिली. पाक किती तारी घेतला, कढईच्या कडा सुटेपर्यंत हात थांबला नाही ना, मंद आचेवर घोटताना मधेच फोन घ्यायला गेली का, एवढं समजलं की पदार्थ तोंडात टाकायच्या आधीच माझं मत तयार असे. ज्या पदार्थाला हे प्रश्नच विचारता येत नाहीत, तो माझ्या लेखी सणाच्या गोडात मोडत नव्हता. मारी बिस्किटांचा चुरा, कोको आणि कन्डेन्स्ड मिल्क मळून केलेले रोल, दुधाची पावडर आणि डेसिकेटेड खोबऱ्याचे लाडू, पिठीसाखरेच्या पेपरमिंटच्या वड्या, साच्यात ओतलेली चॉकलेटं, या सगळ्यांना मी ‘कालवलेलं’ म्हणत असे. हळदीकुंकवाला कुणी असं काही हातावर ठेवलं तर घेत असे, छान झालंय असंही म्हणत असे. पण त्या घरचा सण अर्धाच झाला, असं मनात धरून बाहेर पडत असे.

आज माझं मत तसं नाही. ते हळूहळू बदललं, आणि एका कारणाने नाही. जुन्या मताच्या पुष्कळ बायका माझ्या ओळखीत आहेत. ज्या गोष्टीवर त्यांचा जीव आहे, ती गोष्ट खरोखरच जीव लावण्यासारखी आहे. म्हणूनच मी इकडून तिकडे कशी आले, ते त्यांना नीट सांगावंसं वाटतं.

जुनं मत आलं ते आईच्या काट्याच्या हलव्यातून. साताऱ्याच्या आमच्या घरी पौषाची थंडी पडली की मागच्या खोलीत शेगडी येई. निखारे राखेने झाकून मंद करायचे, त्यावर परात. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा, काकडीच्या सोललेल्या बिया, कधी लवंगा. शेजारच्या पातेल्यात साखरेचा एकतारी पाक, थोडं दूध घालून मळी काढलेला, पाण्यासारखा नितळ. चमचाभर पाक परातीत सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. पाक आटून साखरेचा पापुद्रा दाण्यावर बसला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात. परात तापली की साखर पिवळी पडते. पाक पातळ राहिला की दाणा नुसताच गुळगुळीत होतो, काटा येत नाही. हे काम एका बैठकीत होत नाही. एक थर, दुसरा थर, मग विश्रांती, दुसऱ्या दिवशी पुन्हा परात. पहाटेच्या गारव्यात काटा चांगला फुटतो, म्हणून आई अंधारातच उठून बसे. त्या हलव्याचे दागिने गावातल्या नव्या सुनांच्या काळ्या साड्यांवर चढत: मंगळसूत्र, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी.

आईकडे लोक मानाने येत. गल्लीत तिची ओळख हलव्यामुळे होती. कष्ट हीच गोडाची किंमत, हे मी कुणी न शिकवता तिथे शिकले. मग ते सगळीकडे लावू लागले. लग्नातलं रुखवत घ्या. अनारसे, करंज्या, साखरेची फळं, हलव्याचे दागिने टेबलावर मांडून ठेवतात. आता त्यात हौस जास्त असते, पण मुळात ते नवरीच्या हाताचं प्रदर्शन होतं. मुलगी किती वेळ, किती चिकाटीने, किती न चुकता काम करते हे तिच्या सासरच्यांनी ताटातून वाचायचं. मी ती ताटं फार बारकाईने वाचत असे. ज्यांच्यासाठी ती मांडलेली असत त्यांच्यापेक्षाही बारकाईने, असं आज वाटतं.

मग आई माझ्याकडे ठाण्याला राहायला आली. आधी गुडघे गेले, मग उजव्या हाताला कंप सुरू झाला. चमचा अधांतरी धरला की हात थरथरायचा. पाकाचा चमचा परातीवर धरणं संपलं. मी धरून चालले होते की आईचं गोड करणं आता संपलं, आणि तिने तसं म्हटलं असतं तर मी ते दुःख तिच्या बरोबरीने केलं असतं. पण तिने तसं म्हटलं नाही. तिने एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि नातीला विचारलं, “तू काय करतेस ते मला दे थोडं.”

मुलीला तिच्या वाढदिवसाला वर्गात वाटायला काहीतरी हवं होतं. आमच्या लहानपणी वर्गात गोळ्या वाटल्या जात, लिमलेटच्या नाहीतर रावळगावच्या. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात साखर कारखाना उभा केला आणि पुढे चाळीसच्या दशकात तिथल्या साखरेच्या गोळ्या निघू लागल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांनी वाढदिवस त्या गोळ्यांवर साजरे केले. मुलीला विकतचं नको होतं. ती पेपरमिंटच्या वड्या करायला बसली होती: २०० ग्रॅम आयसिंग शुगर, चार मोठे चमचे कन्डेन्स्ड मिल्क, खाण्याच्या पेपरमिंट अर्काचे काही थेंब. मळायचं, लाटायचं, छोट्या झाकणाने गोल कापायचं, बटर पेपरवर रात्रभर वाळवायचं. गॅसचा संबंध नाही.

आईचा पहिला प्रश्न होता, “साखर चाळलीस का?” मुलगी म्हणाली, पाकिटातलीच तर आहे. आईने चिमूटभर साखर दोन बोटांत चोळून पाहिली, मग जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “चाळ. पातळ फडक्यातून.” त्यानंतर तिने मळायला घेतलं. चमचा धरताना कापणारा हात मळताना, तळव्याने दाबताना कापत नव्हता. हे तिच्याही त्या क्षणी लक्षात आलं, कारण ती थांबली, हाताकडे पाहिलं आणि पुन्हा मळू लागली.

मी दारात उभी होते आणि मला ते बघवत नव्हतं. काट्याचा हलवा करणारी बाई कालवाकालव करत होती. मी विचारलं, “आई, हे तुला चालतं?” ती म्हणाली, “साखरच आहे ना गं ती. माझ्या ओळखीची आहे.”

त्या उत्तराने माझं मत लगेच पालटलं असं नाही. पण तिने साखर का चाळायला लावली, याचा विचार डोक्यात राहिला, आणि त्या एका बारीक प्रश्नातून पुढचं उलगडत गेलं.

आचेवरच्या गोडात साखर आधी पूर्ण विरघळते. साधं, न तापवलेलं १०० ग्रॅम पाणी साधारण २०० ग्रॅम साखर सामावून घेतं. तापवलं की त्याहून कितीतरी जास्त. पाक उकळत जातो तसं पाणी उडतं. वडीसाठी लागणारा मऊ गोळीचा पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला येतो. कडक गोळी हवी असेल तर तापमान १५० च्या आसपास न्यावं लागतं. मग पाक निवताना साखरेचे कण नव्याने जन्म घेतात. ते मोठे होणार की बारीक, हे आपण कधी आणि किती घोटतो यावर ठरतं. गरम असताना फार ढवळलं की कण मोठे, थोडं निवल्यावर जोराने घोटलं की कण बारीक. वडी खरखरीत झाली की आपण म्हणतो पाक बिघडला. बिघडलेला असतो तो कणांचा आकार.

गॅस न पेटवता केलेल्या वडीत हे काही घडत नाही. कन्डेन्स्ड मिल्कमध्ये पाणी साधारण चौथा हिस्साच, आणि त्यात आधीच भरपूर साखर विरघळलेली असते. आपण वरून घातलेल्या पिठीसाखरेला विरघळायला जागाच उरत नाही. सुरुवातीला हातात जो कण असतो, तोच शेवटी जिभेवर येतो. चुकीला दुरुस्ती नाही, पुन्हा आटवून पाहू म्हणायची सोय नाही. साधारण २५ ते ३० मायक्रॉनपेक्षा बारीक कण जिभेला वेगळा जाणवत नाही. त्याहून मोठा असला की कचकच लागते. घरच्या मिक्सरमधली पिठीसाखर कितीही फिरवली तरी त्यात मोठे कण राहतात. म्हणून वस्त्रगाळ. आईला मायक्रॉन ठाऊक नव्हते, पण आचेवर जे काम तिचा हात करत असे ते इथे फडक्याला करावं लागणार, हे तिला पहिल्या चिमटीत समजलं होतं. मी ज्याला कौशल्य नसलेलं म्हणत होते, त्यात कौशल्य होतं. फक्त ते आचेपुढे न दिसता आधीच, चाळणीपाशी, वजनकाट्यापाशी आणि कोरड्या हातांपाशी येऊन थांबलं होतं.

कोरडे हात ही गोष्ट तर मी आईकडून नव्याने शिकले. आच नसली की जंतू मारणारं काही नसतं. मग पदार्थ टिकतो कशावर? साखरेवर. साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना वापरायला मोकळं पाणी उरत नाही, म्हणून कन्डेन्स्ड मिल्क आणि पिठीसाखरेची वडी कोरड्या डब्यात टिकते. त्यात ओलं खोबरं, मलई किंवा ताजं पनीर घातलं की तो हिशेब मोडतो. तो पदार्थ फ्रिजमध्ये ठेवावा आणि लगेच संपवावा. कच्चा मैदा किंवा कणीक तर घालूच नये, आणि कच्च्या अंड्याचा पांढरा भागही नको. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत वडी रात्रभरात वाळत नाही, उलट हवेतला ओलावा ओढून चिकटते. तेव्हा दुधाची पावडर चमचाभर वाढवावी आणि वाळवणाला दुप्पट वेळ द्यावा. हे सगळे नियम पाकाइतकेच कडक आहेत. मी ते पाळून, मोडून पाहिले आहेत.

दुसरं कारण आईनेच समोर ठेवलं, तेही वाद घालायच्या हेतूने नाही. माझं तेच पालुपद चाललं होतं, की आचेशिवाय केलेलं ते पक्वान्न नव्हे. आई शांतपणे म्हणाली, “मग पाडव्याला आपण काय खातो?”

श्रीखंड. दूध तापवलं, विरजलं, दही टांगलं हे खरं. पण त्यानंतर? चक्का, साखर, केशर, वेलची, जायफळ. पुरणयंत्रातून किंवा पातळ कापडावरून घासायचं. सुवासिक, मऊ, महाराष्ट्रात गुढीपाडव्याच्या ताटाचा मान असलेलं हे पक्वान्न साखर पडल्यापासून पानात येईपर्यंत आचेजवळ फिरकत नाही. मी आयुष्यभर श्रीखंडाला पक्वान्नांत वरचं पान दिलं आणि मला त्यात विसंगती कधी दिसली नव्हती.

आणि एकदा तिकडे पाहिल्यावर किती काय दिसू लागलं. गणपतीच्या आरतीनंतर हातावर पडणारी खिरापत: सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. खोबरं आणि खसखस पुष्कळ घरांत कोरडी भाजतात, बाकी नुसतं कुटायचं आणि मिसळायचं. रामनवमीला, हनुमान जयंतीला, गोकुळाष्टमीला सुंठवडा: सुंठीची पूड, सुकं खोबरं, पिठीसाखर, वेलची. पाक नाही, घोटणं नाही. या पदार्थांना कुणी कष्टाच्या तराजूत तोलत नाही, कारण ते प्रसाद आहेत. आरतीला येईल त्याच्या तळहातावर ते पडायचे असतात, किती जण येतील ते आधी सांगता येत नाही, आणि म्हणून ते कोरडे, टिकाऊ, पटकन वाढवता येणारे असतात. ओव्हन तर आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नव्हता. न भाजता, न शिजवता गोड करायची रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. देवापुढे ठेवायला जे चालतं ते हळदीकुंकवाच्या ताटलीत ठेवायला मी का हरकत घेत होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

चॉकलेटचा विषय थोडा वेगळा, तिथे गॅस लागतो पण नावापुरता. पातेल्यात पाणी गरम करून वर वाडगं ठेवायचं आणि चॉकलेट वाफेवर वितळवायचं. पाण्याचा एक थेंब आत पडला तरी ते घट्ट होऊन फुटतं. मला वाटायचं हे वितळवणं आणि ओतणं म्हणजे मुलांचा खेळ. मग मी खऱ्या कोको बटरचं डार्क चॉकलेट घेऊन बसले. ते ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, हलवत हलवत २७-२८ अंशांवर आणायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवायचं आणि तिथेच ओतायचं. कोको बटर वेगवेगळ्या सहा प्रकारांनी गोठू शकतं. त्यातल्या एकाच प्रकाराला चकाकी, मोडताना होणारा कट आवाज आणि ओठांवर वितळणं हे तिन्ही गुण येतात. दोन-तीन अंश इकडे तिकडे झाले की साच्यातून निघतं ते मऊ, डागाळलेलं, वर पांढुरका थर आलेलं. पाकाला चार अंशांची मोकळीक असते, इथे ती एखाद्या अंशाची. मे महिन्यात तर आमच्या स्वयंपाकघराचंच तापमान त्या आकड्यापलीकडे जातं, मग ते गोठणार कसं! त्यानंतर साच्यातल्या चॉकलेटांवर मी कधी नाक मुरडलं नाही.

गोव्याकडच्या एका मैत्रिणीने नाताळात मार्झपान दिलं होतं. युरोपात ते बदामाचं असतं, गोव्यात काजूचं. तिच्याकडे काजूची पेस्ट आणि साखर आचेवर आटवतात, पण तिनेच सांगितलं की मुलांबरोबर करायचं असेल तर काजूची बारीक पूड, आयसिंग शुगर आणि गुलाबपाण्याचे थेंब एवढंच मळायचं. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे, नाहीतर तेल सुटतं आणि गोळा होतो. त्या पिठाची लहान लहान फळं वळता येतात, आंबा, केळं, सीताफळ. आईने सीताफळाचे डोळे काडीने असे काढले की मी त्यानंतर तिच्या कंपाबद्दल काळजी करणं जरा कमी केलं.

पण या सगळ्यापेक्षा मला जे सर्वांत जास्त हलवून गेलं ते स्वयंपाकघरात कोण येतं हे. माझ्या लहानपणी सणाच्या गोडाचे दिवस म्हणजे मुलांना मागच्या खोलीतून हाकलण्याचे दिवस. “सर, पाक आहे” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ते बरोबरच होतं. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्याचा चटका फार वाईट. त्यामुळे आम्ही सणाचं गोड खाल्लं, वाटलं, डब्यात भरलं, पण केलं नाही. मुलग्यांना तर ते कधीच करायला मिळालं नाही; मुलींना मिळालं ते लग्नाचं वय आल्यावर, तेव्हा ते शिकणं राहिलं नव्हतं, तयारी झालं होतं.

आता आमच्या सोसायटीच्या गणपतीला एक दिवस मुलांचा प्रसाद असतो. टेबलावर परात, तीन-चार चाळण्या, खोबरं, खजूर, काजूची पूड. सहा वर्षांची पोरं बिया काढलेला मऊ खजूर मळतात, त्यात भाजलेले बदाम कुटून घालतात, वळकटी करून खसखशीत घोळवतात. कापायला मोठं माणूस. मुलगे मुलींइतकेच असतात. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा, ज्यांनी घरात कधी चहाही केला नव्हता असं त्यांच्या पत्नी सांगतात, ते खोबऱ्याचे लाडू एका मापाचे वळतात आणि वेगळ्या मापाचा दिसला तर परत मोडायला लावतात. आई खुर्चीत बसून सगळ्यांचे हात तपासते: धुतले का, आणि धुतल्यावर पुसले का. आचेपुढे एकटीने केलेल्या कामाचा मान मी पाहिला होता. इतक्या हातांनी मिळून केलेल्या गोडाचा आनंद मी पाहिलाच नव्हता, कारण आच त्या हातांना जवळ येऊ देत नव्हती.

आमच्या मजल्यावर एक परिचारिका राहते. तिच्या हळदीकुंकवाला बिस्किटांचे रोल असतात. मी त्यांना कालवलेलं म्हणत आले त्या सगळ्या वर्षांत तिची रात्रपाळी असे. सकाळी घरी येऊन, दोन तास झोपून, दुपारी रोल वळून, फ्रिजमध्ये घट्ट करून, संध्याकाळी तिने बायकांना बोलावलेलं असे. तो सण अर्धा कसा असेल? आचेपुढे उभं राहायला वेळ आणि शरीर दोन्ही लागतात, आणि ते ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीच सण पूर्ण करावा असा नियम कुणी केलेला नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पाठ धरून बसलेल्या किती बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं ते दुखणं मी फराळाच्या चवीचा भाग समजत होते. ते तसं नाही, हे आता मी माझ्या मुलीला मुद्दाम सांगते.

बोरन्हाणाबद्दल तर मी आता उलट आग्रह धरते. लहानग्याच्या डोक्यावरून बोरं, हलवा, चुरमुरे, गोळ्या, चॉकलेटं ओततात आणि जमलेली मुलं ती वेचतात. फार गोड सोहळा. पण वेचणाऱ्यांत दोन-तीन वर्षांची मुलं असतात, आणि अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या, बोराच्या बिया त्या वयात घशात अडकू शकतात. तिथे मऊ, जिभेवर विरघळणाऱ्या, चपट्या वड्या कागदात गुंडाळून ठेवाव्यात, आणि बाकीचं मोठ्या मुलांसाठी वेगळं करावं. परंपरेला त्याने काही होत नाही.

सगळंच मी स्वीकारलं असं नाही. कंपाउंड नावाच्या ज्या लाद्या मिळतात, त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. म्हणून त्या मुंबईच्या उकाड्यात सहज गोठतात आणि म्हणूनच ओठांवर तशा वितळत नाहीत, टाळूला मेणचट थर राहतो. वापरा, पण देताना ते कंपाउंड आहे एवढं सांगा. भडक रंग मला अजूनही चालत नाहीत. कन्डेन्स्ड मिल्कचा जवळजवळ निम्मा भाग साखर असते, वर पुन्हा पिठीसाखर. तेव्हा वडी सुपारीएवढी हवी, लाडवाएवढी मुळीच नको. लहान असण्यातच तिची शोभा आहे. आणि पदार्थ सोपा आहे म्हणून डबे भरभरून करायचे, ही नवी हावही मला पटत नाही.

हलवा मी सोडलेला नाही. उलट आता मुलगी तो शिकते आहे. वड्यांच्या निमित्ताने साखर तिच्या हातात आली, चाळताना, मळताना, वाळवताना ती कशी वागते ते तिने पाहिलं, आणि मग एका हिवाळ्यात तिने स्वतःच विचारलं की आजीच्या हलव्याला काटा कुठून येतो. मी तिच्या वयाची असताना मला हे विचारायची मुभा नव्हती. आता शेगडीऐवजी गॅसची सर्वांत लहान ज्योत, त्यावर जाड तवा, त्यावर परात. आई शेजारी बसून पाक बोटांत धरून पाहते आणि “अजून” किंवा “पुरे” एवढंच सांगते. तिळावर थर नीट बसतात, खसखशीवर अजून दाणे चिकटतात. येत्या संक्रांतीला भाचीच्या बाळाचं बोरन्हाण आहे. वड्या मुलगी आणि आई करणार, खजुराचे तुकडे भाचीचा नवरा करणार आहे. बाळाचा मुकुट आणि बासरी मात्र विकतच आणावी लागेल, कारण दागिन्याला एकसारखा दाणा लागतो आणि आमचा काटा अजून तेवढा सारखा येत नाही.